हाल्डेनचा तुरुंग पाहून आलेली अमेरिकन मुलं आणि आपले कच्चे कैदी

मे-जून उजाडला की अमेरिकेतल्या कितीतरी विद्यापीठांतून विद्यार्थ्यांचे छोटे-छोटे गट आपल्या प्राध्यापकांसोबत युरोपला निघतात. नाव अभ्यास दौरा, विषय फौजदारी न्यायव्यवस्था. दोन ते चार आठवड्यांत लंडनचं न्यायालय, हेगची आंतरराष्ट्रीय न्यायालयं, जर्मनी किंवा नॉर्वेतला एखादा तुरुंग, जमलं तर एखादं पोलीस ठाणं, असं सगळं पाहायचं. रोज रात्री डायरी लिहायची, परत आल्यावर निबंध द्यायचा आणि त्यावर गुण मिळवायचे. यातली बरीच मुलं उद्या पोलीस, वकील, प्रोबेशन अधिकारी नाहीतर जेलर होणार असतात. म्हणजे ज्या खात्यात जायचं, त्याचं दुसऱ्या देशातलं रूप नोकरी लागायच्या आधीच पाहून येतात.

आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. पण तुरुंग हा विषय आपल्या समाजाला लांबचा नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात मुसलमान १४.२ टक्के, कच्च्या कैद्यांमध्ये मात्र आपलं प्रमाण त्याहून जास्त, आणि हे सरकारी अहवालच दरवर्षी सांगतात. ज्या घरातला मुलगा आत आहे त्या घरात 'तारीख', 'मुलाखत', 'जामीनदार' हे शब्द रोजचे होऊन जातात. म्हणून ही मुलं काय पाहून येतात, त्यातलं खरं किती आणि चकचकीत किती, हे जरा नीट बघू या.

एक गंमत आधी सांगतो. १८३१ मध्ये नेमका उलटा प्रवास झाला होता. फ्रान्सच्या सरकारने तोकव्हिल आणि बोमाँ या दोन तरुण न्यायाधिकाऱ्यांना अमेरिकेतले तुरुंग बघायला पाठवलं होतं. फिलाडेल्फियाचा एकांतवासाचा तुरुंग तेव्हा जगभर नावाजला होता. कैद्याला एकटं ठेवा, तो विचार करील, तौबा करील, सुधारेल, अशी त्यामागची समजूत. पुढे कळलं की एकांतात माणूस सुधारण्यापेक्षा वेडा होण्याची शक्यता जास्त. आज त्याच अमेरिकेत अठरा लाखांच्या आसपास माणसं तुरुंगात आहेत. जगाच्या लोकसंख्येत पाच टक्केही वाटा नसलेल्या देशात जगातल्या कैद्यांचा साधारण सहावा हिस्सा. त्यामुळे शिकायला जाण्याची पाळी आता त्यांची.

या दौऱ्यांत मुलांच्या तोंडून सर्वात जास्त निघणारं नाव नॉर्वेच्या हाल्डेन तुरुंगाचं. २०१० मध्ये तो सुरू झाला. अडीचशेच्या आसपास कैदी, आणि कडक बंदोबस्ताचा तुरुंग, म्हणजे खून, बलात्कार, अमली पदार्थांचे गुन्हेगार इथेच. बाहेर उंच भिंत आहे, पण खिडक्यांना गज नाहीत. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, खोलीतच संडास-बाथरूम, फ्रिज, टीव्ही. आवारात झाडं आहेत, कारखाना आहे, किराणा दुकान आहे, गाणी रेकॉर्ड करायचा स्टुडिओसुद्धा आहे. कैदी स्वतः सामान आणतात आणि स्वयंपाक करतात. पहारेकरी त्यांच्यासोबत बसून जेवतात, पत्ते खेळतात.

अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला याचा धक्का बसणं स्वाभाविक. कैदी म्हटलं की नारिंगी कपडे, साखळ्या आणि काचेपलीकडचा फोन हेच चित्र त्याच्या डोक्यात. इथे एक कैदी समोर येऊन कॉफी विचारतो. अशा भेटींनंतर दोन प्रतिक्रिया हमखास निघतात. एक, "हे हॉटेल आहे, ज्याचा खून झाला त्याच्या आईला हे दाखवाल का?" दुसरी, "आम्ही इतकी वर्षं चुकत होतो." दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत असं आम्हाला वाटतं.

हाल्डेनची खरी गोष्ट फ्रिज-टीव्हीची नाही, माणसांची आहे. नॉर्वेत तुरुंग अधिकारी व्हायला दोन वर्षांचं शिक्षण घ्यावं लागतं आणि त्या काळात पगार मिळतो. कायदा, मानसशास्त्र, नीतिशास्त्र, सगळं शिकवतात. तिथलं तत्त्व असं, की शिक्षा म्हणजे स्वातंत्र्य जाणं, बस. बाकी हक्क जागेवर राहतात. वैद्यकीय सेवा बाहेरच्याच सरकारी यंत्रणेकडून, शिक्षक बाहेरच्याच शाळेचे, ग्रंथपाल गावच्याच वाचनालयाचा. म्हणजे कैदी सुटतो तेव्हा तो ज्या माणसांच्या आणि ऑफिसांच्या दारात जाणार, ती त्याच्या ओळखीची झालेली असतात. आपल्याकडे जेलमधून सुटलेल्या माणसाला रेशन कार्डावर नाव परत चढवायला किती खेटे घालावे लागतात, हे ज्याचं त्याला ठाऊक.

आता आकड्यांचं. नॉर्वेत सुटलेल्यांपैकी फक्त २० टक्के पुन्हा गुन्हा करतात, अमेरिकेत मात्र दोन तृतीयांश, हे वाक्य व्हॉट्सअॅपवरही फिरतं. शिक्षक म्हणून इथे लाल पेन काढावंसं वाटतं, कारण दोन्ही मुलांना पेपरच वेगवेगळा दिला आहे. नॉर्वेचा आकडा दोन वर्षांत पुन्हा शिक्षा झालेल्यांचा आहे. अमेरिकेचा तो प्रसिद्ध आकडा, २००५ मध्ये राज्यांच्या तुरुंगांतून सुटलेल्यांपैकी सुमारे ६८ टक्के, हा तीन वर्षांत नुसती पुन्हा अटक झालेल्यांचा आहे. अटक वेगळी आणि शिक्षा वेगळी, हे आपल्या समाजाला तरी समजावून सांगायला नको. शिवाय नॉर्वेत किरकोळ गुन्ह्यांसाठीही लोक थोडे दिवस आत जाऊन येतात, ती माणसं मुळात अट्टल नसतात. फरक आहेच, पण व्हॉट्सअॅप सांगतं तेवढा नाही.

आणि तिथेही सगळं गुलाबी नाही. २०१९ मध्ये नॉर्वेच्या संसदेच्या लोकपालाने खास अहवाल देऊन सांगितलं की आपल्या तुरुंगांत कैद्यांना फार वेळ एकटं कोंडून ठेवलं जातं. कर्मचारी कमी पडले की दारं बंद राहतात, हे दुखणं तिथेही आहे. नेदरलँड्सची कथा तर आणखी मजेशीर. तिथे कैदी कमी झाले म्हणून तुरुंग बंद करत गेले, काहींत निर्वासितांची सोय केली, आणि २०१५ ते २०१८ या काळात एक तुरुंग नॉर्वेच्या कैद्यांसाठी भाड्याने दिला. कैदी संपत चालले म्हणून जगभर वाहवा झाली. आज तिथेच जागा आणि कर्मचारी दोन्ही पुरत नाहीत. फ्रान्समध्ये तर साधारण ६२ हजार जागांत ८० हजारांहून जास्त माणसं कोंबली आहेत, जमिनीवर गाद्या टाकून लोक झोपतात, आणि २०२० मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने यावरून फ्रान्सला दोषी धरलं. दौऱ्याचे आयोजक फ्रान्सचा तुरुंग सहसा दाखवत नाहीत. पाहुण्याला दिवाणखाना दाखवायचा, माजघर नाही, ही रीत सगळीकडे सारखीच.

नॉर्वेत गेलेल्या प्रत्येक गटात एक नाव निघतंच, ब्रेव्हिकचं. २२ जुलै २०११ रोजी त्याने ७७ माणसं मारली, त्यात बहुतेक तरुण मुलं. मुसलमान युरोप गिळंकृत करत आहेत, हे त्याचं म्हणणं होतं. त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. ती धोकादायक कैद्यांसाठीची खास कोठडी आहे, मुदत संपल्यावरही धोका वाटला तर पुढे वाढवता येते. एकाहून जास्त खोल्या, व्यायामाची यंत्रं, व्हिडिओ गेम, आणि वर तोच सरकारवर खटला भरतो की मला एकटं ठेवतात म्हणून. २०१६ मध्ये खालच्या कोर्टाने त्याचं काही अंशी मान्यही केलं, वरच्या कोर्टाने पुढच्या वर्षी ते फिरवलं. विद्यार्थी विचारतात, याला इन्साफ म्हणायचं?

हा प्रश्न आपल्याला जास्त टोचायला हवा, कारण त्याचा द्वेष आपल्यावर होता. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच वळणाचा एक तरुण ओस्लोजवळ बेरुमच्या मशिदीत बंदूक घेऊन शिरला. त्याआधी त्याने आपल्याच सावत्र बहिणीचा जीव घेतला होता. मुलगी चीनमधून दत्तक घेतलेली, एवढाच तिचा गुन्हा. मशिदीत पासष्ट वर्षांच्या एका नमाजी बुजुर्गांनी त्याला खाली पाडून धरून ठेवलं. पोलीस येईपर्यंत त्याला ठार मारलं नाही, धरून ठेवलं. पुढे कोर्टाने त्यालाही २१ वर्षांची शिक्षा दिली. सूड आपल्या मनातही उठतो, खोटं कशाला बोलायचं? पण कायदा ब्रेव्हिकसाठी वाकवला असता, तर तो पुढे कुणाकुणासाठी वाकला असता याचा अंदाज युरोपातल्या मुसलमानांना आपल्याहून चांगला आहे.

हेगचा दिवस हा दौऱ्याचा आमच्या मते सर्वात मोलाचा दिवस. काचेमागे बसून, कानाला हेडफोन लावून विद्यार्थी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं कामकाज ऐकतात. याच शहरात युगोस्लाव्हियाचं न्यायाधिकरण २०१७ पर्यंत चाललं. स्रेब्रेनित्सात जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून जास्त मुसलमान पुरुष आणि पोरं मारली गेली. न्यायाधिकरणाने १६१ जणांवर आरोप ठेवले आणि शेवटी एकही फरार राहिला नाही. काराजिच आणि म्लादिच दोघेही वर्षानुवर्षं लपले, दोघेही सापडले, दोघांनाही जन्मठेप लागली. वीस-पंचवीस वर्षं लागली, पण लागली. या दौऱ्यांवरची मुलं १९९५ नंतर जन्मलेली, कित्येकांनी स्रेब्रेनित्साचं नाव पहिल्यांदा तिथेच ऐकलेलं असतं. आपल्या मुलांनी तरी कुठे ऐकलंय म्हणा.

मग प्राध्यापक त्यांना त्यांच्याच देशाची गोष्ट सांगतात. अमेरिका या न्यायालयाची सदस्य नाही. २००२ मध्ये तिने असा कायदा केला की गरज पडली तर आपल्या माणसांना सोडवायला राष्ट्राध्यक्ष कोणताही उपाय करू शकतील. लोक त्याला थट्टेने हेगवर स्वारीचा कायदा म्हणतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने गाझाप्रकरणी नेतन्याहूंविरुद्ध अटक वॉरंट काढलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी न्यायालयावरच निर्बंधांचा आदेश काढला. पुतीनवर वॉरंट निघालं तेव्हा टाळ्या वाजवणारे हेच. वर्गात शिकलेलं 'कायद्यापुढे सगळे समान' आणि समोर दिसणारं हे वास्तव, यांच्यातलं अंतर विसाव्या वर्षी आपल्या डोळ्यांनी पाहणं ही काही लहान तालीम नाही. (भारतही या न्यायालयाचा सदस्य नाही. हेगमध्येच दुसरं, देशादेशांतल्या वादांचं न्यायालय आहे. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात २०१९ मध्ये पाकिस्तानविरुद्ध निकाल आला तो तिथला. आपले मराठी वाचक हेग ओळखतात ते बहुधा त्यामुळे.)

लंडनमध्ये ओल्ड बेलीच्या गॅलरीत कुणीही जाऊन बसू शकतं, मोबाईल तेवढा बाहेर ठेवावा लागतो. न्यायाधीशांचे विग, बहुतेक पोलिसांच्या कमरेला पिस्तूल नसणं, यावर डायऱ्यांची पानं भरतात. पण इंग्लंड-वेल्समध्ये मुसलमान लोकसंख्येच्या साडेसहा टक्के आणि कैद्यांमध्ये अठरा टक्क्यांच्या आसपास, हे फार कमी जणांच्या डायरीत येतं. खासदार डेव्हिड लॅमी यांनी २०१७ च्या अहवालात पोलीस, कोर्ट, तुरुंग सगळ्यांना एक साधा नियम घालून दिला: वेगवेगळ्या समाजांच्या आकड्यांत तफावत दिसली तर तिचं कारण द्या, देता येत नसेल तर सुधारा. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्यांच्या तुरुंगांत इमाम पगारी नोकरीवर असतात, जुम्मा होतो, हलाल जेवण मिळतं, रमजानमध्ये इफ्तारची सोय असते. आणि तफावतीचे आकडे सरकार स्वतः छापतं. फ्रान्स कैद्याच्या धर्माची नोंदच ठेवत नाही, म्हणे समानतेसाठी. मोजलंच नाही की तक्रारही उरत नाही!

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, तो जर्मनीचा. जर्मनीत कुणी विनाकारण तुरुंगात राहिला असं ठरलं, तर सरकार त्याला दिवसाला ठरलेली भरपाई देतं. २०२० पर्यंत ती २५ युरो होती, तेव्हापासून ७५ युरो केली. ही फक्त मनस्तापाची. बुडालेला पगार वगैरे वेगळा मागता येतो. तिथले वकील म्हणतात की ७५ युरो म्हणजे थट्टा आहे.

आपल्याकडचं एकच प्रकरण घेऊ, ज्याचा शेवटचा निकाल लागून गेला आहे. २००२ च्या अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०१४ रोजी सहाही आरोपींना निर्दोष सोडलं, तपासावर कडक ताशेरे ओढले. त्यातल्या काहींनी दहा वर्षांहून जास्त काळ आत काढला होता, फाशीची शिक्षा डोक्यावर घेऊन. पाढे येणाऱ्या मुलानेही करावा असा हिशोब आहे. दहा वर्षांचे ३,६५० दिवस, गुणिले ७५, म्हणजे जवळपास पावणेतीन लाख युरो. आपल्या रुपयांत अडीच कोटींच्या वर. त्यांना किती मिळाले? भरपाई मागायला ते २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे नकार मिळाला, कारण अशी भरपाई देणं घातक पायंडा ठरेल. त्यानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये विधी आयोगाने २७७ वा अहवाल दिला, खोट्या खटल्यात अडकवलेल्यांना भरपाईचा कायदा करा म्हणून. तो कायदा अजून यायचा आहे.

मुंबईच्या ११ जुलै २००६ च्या रेल्वे स्फोटांचा खटला घ्या. १८० हून अधिक माणसं गेली, त्यांच्या घरच्यांनाही खरे गुन्हेगार कोण हे कळण्याचा हक्क आहे, हे आधी म्हटलंच पाहिजे. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं; एक जण तोवर तुरुंगातच वारला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, सुटलेल्यांना मात्र परत आत पाठवलं नाही. प्रकरण तिथे गेलेलं असल्यामुळे जास्त बोलणं बरं नाही. पण तेराव्या आरोपीचं काय? तो २०१५ मध्येच सुटला, नऊ वर्षं आत राहून. पेशाने शाळामास्तर. त्या नऊ वर्षांत त्याच्या वर्गातली पाचवीची मुलं कॉलेजात गेली असतील.

दहशतवादाचे खटले बातम्यांत येतात, म्हणून तेच डोळ्यांसमोर राहतात. खरी गर्दी साध्या कैद्यांची आहे. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशात ५,७३,२२० कैदी, जागा ४,३६,२६६. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारातले तीन अजून दोषी ठरलेलेच नाहीत. मोबाईल चोरी, मारामारी, गोवंशाचं प्रकरण. जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार नाही किंवा वीस हजार रुपये नाहीत म्हणून माणूस आत.

आणि युरोपकडून सगळं शिकायचं असंही नाही. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत आहे. औंध संस्थानाच्या राजाने १९३० च्या दशकाच्या अखेरीस ती वसवली. गज नाहीत, भिंत नाही, कैदी बायकापोरांसह राहून शेती करायचे. हाल्डेनच्या सत्तर वर्षं आधी! त्या कामात मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनिअरचाही मोठा हात होता. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच सुचलेला, आणि १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला. आपल्या दीनमध्येही हे नवं नाही. बद्रच्या कैद्यांपैकी ज्यांच्याकडे खंडणीला पैसे नव्हते, त्यांना प्रत्येकी दहा मुलांना लिहायला-वाचायला शिकवून सुटता आलं, हे सीरत वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ह. युसूफ (अलै.) तर बेगुनाह असून वर्षानुवर्षं कैदेत राहिले.

अमेरिकेत या दौऱ्यांचा काही उपयोग झाला का? थोडा झाला. तोकव्हिलने पाहिलेल्या फिलाडेल्फियापासून जवळच, चेस्टरच्या तुरुंगात २०२२ मध्ये एक विभाग नॉर्वे-स्वीडनच्या धर्तीवर सुरू झाला. ६४ खोल्या, एका खोलीत एकच कैदी, स्वयंपाकघर, माशांची टाकी. कोण जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे चांगल्या वागणुकीचेच निवडले असं कुणी म्हणायला नको, आणि फरक पडतो का ते मोजता यावं. आधी तिथल्या पहारेकऱ्यांनाच युरोपला नेऊन आणलं होतं.

आपल्या मुलांना युरोपला नेणारं कुणी नाही. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर अल्पसंख्याकांना व्याज सवलत देणारी 'पढो परदेस' योजनाही केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. तरी काही दारं उघडी आहेत, आणि ती ठोठावणारे कमी आहेत. कोठडीत असलेल्या प्रत्येक माणसाला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात कलम ४७९ आहे: पहिल्यांदाच आरोप असेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर जामिनाचा हक्क, इतरांना अर्ध्यावर. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले यात बसत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये हे जुन्या खटल्यांनाही लागू केलं. जामिनाची रक्कम नसेल तर २०२३ च्या गरीब कैदी योजनेतून मदत होते. हे अर्ज भरून द्यायला माणसं लागतात. विधी सेवा प्राधिकरण त्यासाठी स्वयंसेवक घेतं, शिक्षक आणि निवृत्त शिक्षकही त्यात चालतात.

आणि कोर्ट बघायला ओल्ड बेलीला जायची गरज नाही. आपल्याकडेही खटले खुल्या न्यायालयात चालतात. बलात्कार, पोक्सोची प्रकरणं बंद खोलीत असतात, ती सोडली तर अकरावी-बारावीची पाच-सहा मुलं घेऊन सत्र न्यायालयात मागच्या बाकावर बसता येतं. सकाळी अकराच्या सुमाराला काम सुरू होतं, बाहेर भिंतीवर त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी लावलेली असते. मोबाईल बंद ठेवायचा, साहेब आले की उभं राहायचं, आणि कुठल्या कोर्टात साक्ष चालू आहे ते पट्टेवाल्याला विचारायचं.